आठव्या हिश्श्याचं घर

बदलापुरात दिनानाथ चौबळांना तोंडावर 'वकीलसाहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'मियांचा वकील'. दोन्ही नावं एकाच तोंडातून निघत आणि दिनानाथांना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. गावाची लायकी आपण फार पूर्वीच ओळखली होती, याचं त्यांना उलट समाधानच वाटे.

ते या कामात पडले ते काही तत्त्वासाठी नव्हे. पुढेमागे कुणी त्यांच्या फोटोला हार घालून तसं भाषण ठोकलं, तर ते खुशाल खोटं समजावं. कल्याणच्या कोर्टात पंधरा वर्षं ते बांधाची आणि वहिवाटीची भांडणं लढवत होते आणि तसेच लढवत म्हातारे झाले असते. पण अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात वाचनालयात सभा भरली आणि विष्णुपंतांनी ठराव मांडला. विष्णुपंत म्हणजे गवताच्या चार वखारींचे मालक, वाचनालयाचे अध्यक्ष, आणि ज्याला त्याला देशभक्ती शिकवण्याचा मक्ता घेतलेला माणूस. ठराव असा, की पाकिस्तानात ज्यांचे नातेवाईक गेलेत, अशांच्या कज्ज्यात गावच्या कुणा वकिलाने उभं राहू नये. गावात वकील एकच होता, आणि तो पुढच्याच रांगेत अडकित्त्याने सुपारी कातरत बसला होता.

ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत तिघे असे होते, की ज्यांचे बांध दिनानाथांनीच वाचवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनानाथ मोरिवलीला गेले आणि आपण होऊन एक कज्जा मागून घेतला. तिथे कोंडाजी नावाच्या एका शेतकऱ्याने कबरस्तानाची वाट नांगरून भात पेरायची तयारी केली होती. "ते जाणारच हायेत कराचीला, मंग वाट कोनाला पायजे?" असा त्याचा सवाल होता. मोरिवलीचे मुसलमान कुठे जाणार नव्हते. त्यांना कराची पूर्वेला की पश्चिमेला तेही माहीत नव्हतं. दिनानाथांनी मामलेदारापुढे कोंडाजीला असा काही उभा-आडवा घेतला, की त्याने वाट तर सोडलीच, वर स्वतःच्या हाताने ती सारखी करून दिली. मग अंबरनाथचा एक लेथवाला आला. बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवस कराचीला जाऊन आला, म्हणून त्याच्या वडिलांच्या खोलीला सरकारी कुलूप लागलं होतं. तेही दिनानाथांनी काढवलं. नंतर कल्याणपासून वांगणीपर्यंतचे लोक टोप्या हातात घेऊन त्यांच्या ओटीवर बसू लागले. आणि विष्णुपंतांचा चेहरा आंबट व्हायला लागला, हे त्या कामातलं खरं सुख होतं.

"तुम्हाला त्यांचा कळवळा नाही," कुमुदिनीबाई, त्यांच्या पत्नी, एकदा ताक घुसळता घुसळता म्हणाल्या. "तुम्हाला विष्णुपंतांचा राग आहे."

"कोर्टाला दोन्ही सारखंच," दिनानाथ म्हणाले.

"कोर्टाला असेल," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि लोणी काढायला लागल्या.

तो सगळा काळच तसा होता. कल्याणपलीकडच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली माणसं भरली होती. छावणीला उल्हासनगर असं गोड नाव मिळालं होतं आणि आत एकेका बराकीत गोणपाटांचे पडदे लावून दहा-दहा संसार चालले होते. त्यांचं सगळं खरोखरच गेलं होतं आणि त्यांना छप्पर हवं होतं, याबद्दल दिनानाथांनाही काही म्हणायचं नव्हतं. म्हणायचं होतं ते त्यांच्या नावावर स्वतःचा स्वयंपाक शिजवणाऱ्यांबद्दल. देश सोडून गेलेला माणूस 'परागंदा', आणि परागंदा माणसाची मालमत्ता सरकारजमा, असा कायदा झाला. झाल्याबरोबर गावोगाव सभ्य गृहस्थांना शेजाऱ्यांची एकाएकी आठवण होऊ लागली. कोण कुठे गेला, कधी गेला, कुणाला पत्र येतं, हे पोस्टमनपेक्षा त्यांना जास्त ठाऊक.

विष्णुपंतांच्या मोठ्या वखारीला लागून हलीमाबीचं घर होतं. चार खणांचं कौलारू घर, पुढे अंगण, मागे शेवग्याचं झाड. वखारीत बैलगाड्या वळवायला जागा पुरत नव्हती आणि हलीमाबीच्या अंगणात त्या सुरेख वळल्या असत्या. हलीमाबी साठीची. नवरा इस्माईल खोत पंचेचाळीस साली वारला, आणि एकुलता मुलगा याकूब बोटीवरच्या नोकरीच्या नादाने फाळणीनंतर कराचीला जाऊन तिथेच राहिला. वर्षातून एकदा ईदेला तो पत्र पाठवी. त्यात आईची चौकशी कमी आणि स्वतःच्या खोकल्याची हकिकत जास्त. त्या पत्रांपैकी एकाचं पाकीट परागंदा मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या कस्टोडियनच्या कचेरीत कसं पोचलं, हे विष्णुपंतांनी कधी सांगितलं नाही.

एक्कावन्न सालच्या अखेरीस हलीमाबीच्या दारावर नोटीस चिकटली. इस्माईल खोताचं घर, वारस मुलगा परागंदा, सबब मुलाचा हिस्सा सरकारचा. हिस्सा म्हणजे किती? शरियतप्रमाणे विधवेला आठवा वाटा, बाकीचे सात मुलाला. चार खणांच्या घरातला अर्धा खण तेवढा हलीमाबीचा.

ती नोटीस पदराखाली धरून दिनानाथांच्या ओटीवर आली. त्यांना तिने चड्डीत पाहिलेलं होतं, त्यामुळे वकीलसाहेब वगैरे प्रकार नव्हता.

"दिना, माजा घर माजा हाय," ती म्हणाली. "निकाच्या टायमाला त्यांनी मना महरात लिवून दिलेला. काझीच्या दफ्तरान बघ जाऊन."

दिनानाथ कल्याणला जाऊन बघून आले. होतं. निकाहाच्या नोंदीत इस्माईल खोताने महर म्हणून, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायचं कबूल केलेलं तिच्या हक्काचं देणं म्हणून, हे घरच तिच्या नावाने लिहून दिलं होतं. घर लग्नाच्या दिवसापासून बायकोचं. नवऱ्याचं नाहीच, तर मुलाचं कुठलं, आणि सरकारचं तर मुळीच नाही. दिनानाथांनी परत येताना दुधनाक्यावर अर्धा शेर पेढे घेतले.

पण एक काटा होता, आणि तो गावातल्या दहाजणांना माहीत होता. नवरा मेला की जनाजा उचलण्याआधी विधवेला प्रेतापाशी आणतात आणि म्हणतात, महर माफ कर, म्हणजे मेलेला माणूस कर्जातून सुटेल. बहुतेक सगळ्या बायका माफ करतात. हलीमाबीने इस्माईलला माफ केलं असेल, तर घर त्याच क्षणी पुन्हा इस्माईलचं झालं, आणि तिथून मुलाचं, आणि तिथून सरकारचं. आणि त्या दिवशी अंगणात शेजारधर्म म्हणून कोण उभं होतं? विष्णुपंत. त्यांनी लेखी अर्ज दिला होता, की हलीमाबीने महर माफ केल्याचं आपण या कानांनी ऐकलं.

तो अर्ज वाचून दिनानाथ मिशीत हसले. सावज आपल्या पायाने आलं होतं.

त्यांनी त्याच दुपारी कैफियत लिहून काढली. 'सदरहू बाईने महर कधीही, कोणत्याही प्रसंगी, कोणापुढेही माफ केलेला नाही. अर्जदाराचे म्हणणे धादांत खोटे आहे.' धादांत हा शब्द लिहिताना बोरू असा काही दाबला गेला, की कागदाच्या पाठीमागे ठसा उठला.

"चाची, इथे अंगठा," ते म्हणाले. "आणि साहेबाने विचारलं, महर माफ केलास का, तर 'नाही' म्हणायचं."

"पन दिना, त्या दिशी..."

"पण नाही आणि बिण नाही. 'नाही' एवढा एकच शब्द. बाकीचं मी बघतो."

हलीमाबीने त्यांच्याकडे पाहिलं. मग अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. दिनानाथांनी शाई वाळायची वाट न बघता कागद उचलला.

सुनावणी उल्हासनगरात, कॅम्प नंबर तीनमधल्या एका बराकीत झाली. बाहेर पापड वाळत होते, आत पंखा नव्हता. कस्टोडियनचा साहेब मध्यम वयाचा, थकलेला, दिवसाला वीस घरांची विल्हेवाट लावणारा. एका बाजूला टेकचंद नावाचा सिंधी गृहस्थ बसला होता. घर सरकारजमा झालं तर ते त्याच्या नावाने निघणार होतं. विष्णुपंत इस्त्रीचा कोट घालून आले होते, जणू त्यांचाच सत्कार होता.

"तुम्ही आत होतात?" दिनानाथांनी उलटतपासणी सुरू केली.

"नाही. अंगणात. मर्यादा पाळून."

"आत बायका किती?"

"पंधरा-वीस असतील."

"रडत होत्या?"

"रडणारच."

"त्या पंधरा-वीस बायकांच्या आकांतात हलीमाबींचा आवाज तुम्ही नेमका ओळखलात. म्हणजे हा आवाज तुमच्या चांगल्या ओळखीचा असणार. कुठे ऐकत होतात तुम्ही त्यांचा आवाज, विष्णुपंत?"

बराकीत खसखस पिकली. विष्णुपंतांनी रुमाल काढला. ओळखीचा म्हणावं तर संध्याकाळपर्यंत बदलापुरात तोंड दाखवायला जागा नाही, आणि अनोळखी म्हणावं तर साक्ष पडली.

"आवाज... तसा ओळखीचा नाही," ते म्हणाले.

"बसा," दिनानाथ म्हणाले, साहेबाच्या परवानगीशिवाय.

आयुष्यातलं सर्वांत गोड मिनिट कोणतं, असं त्यांना त्या क्षणी विचारलं असतं, तर त्यांनी हेच सांगितलं असतं. ते इतकं गोड होतं, की साहेब हलीमाबीकडे वळला तेव्हा दिनानाथ अजून विष्णुपंतांच्या रुमालाकडेच बघत होते.

"बाई, ईमान से बोलना," साहेब म्हणाला. "महर माफ किया था?"

"केला," हलीमाबी म्हणाली.

दिनानाथांची मान झटकन वळली.

"मीच बोलली, माफ. माज्या तोंडान बोलली. तो खाली निजवलेला, पाय उघडे पडलेले. बायका बोलल्या, बोल लवकर, ऊन चढताय, उचलायचाय. मी हातपाय धरून रडताना बोलली. मंग नेला त्याला."

साहेबाने कैफियतीचा कागद वर धरला. "इथे लिहिलंय, कधीही माफ केलेला नाही. वकीलसाहेब, तुमची अशील खोटी, की तुमचा कागद खोटा?"

उत्तर एका शब्दाचं होतं. कागद. तेवढं म्हणाले असते, तरी पुष्कळ निभावलं असतं. पण विष्णुपंतांचा रुमाल पुन्हा खिशात गेला होता आणि ते मान वर करून बघत होते.

"बाई म्हातारी आहे," दिनानाथ म्हणाले. "गोंधळली आहे."

"मी गोंदलली नाय, दिना," हलीमाबी म्हणाली.

हुकूम दहा ओळींचा झाला. साक्षीदार बेभरवशाची, कैफियत आणि जबानी एकमेकींविरुद्ध, महराची सबब नामंजूर, सात हिस्से सरकारजमा.

विष्णुपंत आयुष्यात एकदाच खरं बोलले होते, आणि दिनानाथ चौबळांनी नेमकं तेव्हाच त्यांना खोटं पाडलं होतं.

पंधरवड्याने मोजणीदार आला. त्याने साखळी टाकली, हिशेब केला आणि शेवटच्या खणाच्या मधोमध चुन्याची रेघ ओढली. चूल हलीमाबीच्या बाजूला आली आणि पाण्याची जागा सरकारच्या. ती रोज हंड्याकडे जाताना रेघेपाशी थांबे आणि मोठ्याने विचारी, "येऊ का, सरकार?" सरकार काही बोलत नसे. मग ती पाणी घेऊन येई. गावातल्या पोरीबाळी हसत, पण तिचं हे चेष्टेने चाललं होतं असं काही दिनानाथांना वाटलं नाही.

टेकचंद घर बघायला आला तो पाच मिनिटांत परत निघाला. "यहाँ क्या धंधा करेगा आदमी? घास बेचेगा?" तो दिनानाथांना वाटेत म्हणाला. "मेरे को कैंप में दुकान का गाला चाहिए, वकील साब. ये खंडहर किसको चाहिए?" म्हणजे ज्याच्या नावाने ही सगळी देशसेवा झाली होती, त्याला घर नकोच होतं. आता ते लिलावाला निघणार होतं, आणि लिलावात बोली कोणाची लागणार, हे वखारीतल्या बैलांनाही कळत होतं.

दिनानाथांना विष्णुपंतांचा राग यायला हवा होता. तो येईना. आठ दिवस ते जेवले नाहीत धड. मग एका सकाळी कपाटातले निवाड्यांचे जाड ग्रंथ काढून बसले, आणि त्यांना जे आधीपासून ठाऊक होतं तेच तिथे छापलेलं होतं. नवऱ्याच्या प्रेतापाशी, दुःखाच्या भरात, दहाजणींनी घाई करून वदवून घेतलेली माफी ही मोकळ्या मनाने दिलेली माफी नव्हे. ती कायद्यात टिकत नाही. हलीमाबीने साहेबापुढे जे सांगितलं, ऊन चढतंय, बोल लवकर, तोच तिचा कज्जा होता. तिने तो एकटीने, चार वाक्यांत, कुठल्याही वकिलापेक्षा चांगला मांडला होता. तेच ती ओटीवर सांगू पाहत होती. पण तिचं खरं ऐकलं असतं, तर विष्णुपंतांना खोटं पाडता आलं नसतं. म्हणून दिनानाथांनी तिला तोंड उघडू दिलं नाही. चार वर्षं मुसलमानांच्या हक्कांसाठी उभा राहिलेला हा माणूस, आणि त्याने एकाही अशिलाला 'काय झालं ते तू सांग' म्हणून विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नव्हती त्याला. विष्णुपंत मुसलमानांना चोर समजत होते, आणि दिनानाथ मुके. फरक एवढाच.

"तुम्हीही त्या बायकांतलेच," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "बोल लवकर, ऊन चढतंय."

अपील करायचं तर एकच वाट होती. कैफियतीतलं वाक्य अशिलाचं नाही, तिला न विचारता ते आपण लिहिलं, आणि ती खरं बोलली तेव्हा आपण तिला गोंधळलेली ठरवलं, असं वकिलाने शपथेवर लिहून द्यायचं. सनद जाण्याची भीती होती. विष्णुपंतांना आयतं कोलीत मिळणार, ही त्याहून मोठी भीती होती, हेही इथे सांगून टाकायला हवं. दिनानाथांनी तीनदा मसुदा केला. तिन्ही वेळा त्यात 'अनवधानाने' हा शब्द शिरला आणि तिन्ही वेळा त्यांनी तो स्वतःच खोडला.

अपील दाखल झालं, लिलाव अडला, आणि चोपन्न साली मुंबईहून निकाल आला. माफी बेकायदा, महर कायम, घर हलीमाबीचं, चारही खण. आणि शेवटी एक ओळ : 'अपीलकर्तीच्या वकिलाचे वर्तन त्या व्यवसायाला काळिमा लावणारे असून, त्यांनी ते स्वतः कबूल केले आहे एवढ्याचसाठी त्यांची सनद राखली जात आहे.'

विष्णुपंतांनी निकालाची नक्कल मागवली आणि वाचनालयात उभं राहून ती ओळ मोठ्याने वाचली. तेवढीच. घराचं काय झालं ते त्यांनी वाचलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. टाळ्या झाल्या. दिनानाथ त्या दिवशीही पुढच्याच रांगेत होते आणि सुपारी कातरत होते. मात्र या वेळी गावाची लायकी ओळखल्याचा आनंद त्यांना झाला नाही. मोजमापात आता ते स्वतःही होते.

तिथून ते निकाल घेऊन हलीमाबीकडे गेले. ती चुलीपुढे तांदूळ निवडत बसली होती. चुन्याची रेघ पुसट झाली होती, पण होती.

"चाची, घर तुमचं झालं. सगळं."

"वाच."

"झालं म्हणतो ना मी."

"वाच दिना. पयल्यापासना. मागच्या वक्ताला तू वाचला नाय."

त्यांनी वाचलं. इंग्रजीतलं एकेक वाक्य मराठी करून, बसून, अर्धा तास. ती ओळ आली तेव्हा ते थांबले. ती तांदूळ निवडायची थांबली. मग त्यांनी तीही ओळ वाचली, काळिमा या शब्दासकट.

"ह्यो तू?" तिने विचारलं.

"मी."

बाहेर वखारीत बैल हंबरला. दिनानाथांना वाटलं, आता बोलायला हवं.

"चाची, तुम्हाला गोंधळलेली म्हणालो मी. सगळ्यांपुढे. मला माफ करा."

हलीमाबीने सूप बाजूला ठेवलं. ती उठली, रेघेपाशी न थांबता हंड्याकडे गेली, तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"माफी मेलेल्या मानसाला देतात," ती म्हणाली. "तू जिता हायेस. पानी पी आनी जा. वांगणीची अमीना सकाळपासना तुज्या ओटीवर बसलेय. तिला आदी इचार, काय झाला ता. मंग लिव."